दहीहंडीच्या टी-शर्टवरचा उजेड: हाफटोन आणि जाळीच्या कामाच्या नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

गोविंदा पथकाची ऑर्डर पक्की. नेव्ही ब्ल्यू, राउंड नेक, १८० जीएसएम कॉटन, माल तिरुपूरचा, नग साडेतीनशे. दहीहंडी १६ ऑगस्टला आहे, म्हणजे १२ तारखेला गठ्ठे बांधून तयार हवेत. मापांची अदलाबदल शेवटच्या दिवसांत होतेच होते.

छातीवर एका रंगात पथकाचं नाव, त्याची काळजी नाही. खरं काम पाठीवर आहे. थरांची आकृती, सगळ्यात वर हंडीला हात घातलेलं पोर आणि मागे हंडीतून फुटल्यासारखा उजेड: मध्ये पिवळा, त्याबाहेर केशरी आणि मग हळूहळू निळ्या कापडात विरून जाणारा. माप १२ बाय १५ इंच. डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे, म्हणजे मूळ फाइल मागवणं आलं.

पथकाच्या दादांना आधी कोणीतरी डीटीएफ सुचवलं होतं, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवायचं. विरणारी कड ही डीटीएफची दुखरी जागा. अर्धपारदर्शक भागाखाली पांढरी शाई आली की कडेला पांढुरकी धूळ दिसते, आणि एवढा मोठा पट्टा पाठीवर प्लास्टिकसारखा चिकटतो. माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, पाण्याने भिजून तासन्‌तास उभी राहणार, तिथे तो नकोच. शिवाय साडेतीनशे नगांना स्क्रीन प्रिंटिंगच परवडतं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं.

थरांना वेगळी शाई लावायची नाही, हे आजच ठरवलं. जिथे शाई नाही तिथे थर. कापडाचा निळा फुकटात मिळतो आहे.

११ जुलै, शुक्रवार

स्क्रीन तीन: खाली पांढरा बेस, वर पिवळा, त्यावर केशरी. विरणारी छटा हाफटोनने, म्हणजे लहान-मोठ्या डॉटांनी काढायची. आता जाळी.

आपल्याकडे जाळीचा नंबर सेंटिमीटरच्या धाग्यांवर असतो आणि परदेशी तक्ते इंचावर. नवी पोरं इथेच गोंधळतात. ७७टी म्हणजे इंचाला साधारण १९५ धागे, ९०टी म्हणजे २३०, १२०टी म्हणजे ३०५. इंचातल्या धाग्यांना पाचाने भागायचं, जो आकडा येईल तितके एलपीआय, म्हणजे इंचाला डॉटांच्या तितक्या ओळी, त्या जाळीला झेपतात. म्हणजे ७७टीला ३९, ९०टीला ४६, १२०टीला ६१. हा ढोबळ हिशोब सगळे सांगतात आणि तो बरोबरही आहे, पण त्यातून सगळ्यात महत्त्वाचं कळत नाही: सगळ्यात बारीक डॉट कुठला टिकेल?

त्याचा हिशोब मी वेगळा करतो. डॉट छापला जायचा असेल तर त्याची रुंदी निदान दोन धागे आणि एक भोक एवढी हवी. त्याहून लहान डॉट कधी भोकावर पडतो, कधी धाग्यावर, आणि धाग्यावर पडला की गायब. ७७टीचा धागा ५५ मायक्रॉनचा, भोक साधारण ७५. दोन धागे नि एक भोक मिळून १८५ मायक्रॉन. ४० एलपीआयला एक घर, म्हणजे एका डॉटची जागा, ०.६३५ मिलिमीटरचं होतं, त्यात १८५ मायक्रॉनचा गोल डॉट म्हणजे घराचा जवळपास ७ टक्के भाग. त्याखालच्या छटा नशिबावर. तीच जाळी ५५ एलपीआयला वापरली तर ही मर्यादा १२-१३ टक्क्यांवर चढते. म्हणजे दाणा बारीक करायला जावं, तर छटेची शेपूटच तुटते. विरणारा उजेड छापायचा असताना शेपूट तोडून कसं चालेल?

९०टीला (धागा ४८) ४० एलपीआयवर ५ टक्के, १२०टीला (धागा ३४) पावणेतीन टक्के. कागदावर १२०टी जिंकते. पण पांढऱ्या शाईत टिटॅनियम डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, ती दाट. १२०टीतून नेव्हीवर ती उतरली तर राखाडी दिसते, पांढरी नाही. वर पिवळा मारला की हिरवट. मग दुसरा हात मारा, तिसरा मारा, आणि प्रत्येक हाताबरोबर डॉट पसरतो.

तूर्त ठरलं ते असं: पांढरा ७७टी, पिवळा नि केशरी ९०टी, तिन्ही ४० एलपीआय. पांढऱ्याला ३५ आणि रंगांना ४५ ठेवावं असं क्षणभर वाटलं होतं. पण एकाच कोनात दोन वेगळ्या एलपीआय एकमेकांवर आल्या की इंचाला त्यांच्या फरकाएवढे, इथे दहा, पट्टे उठतात. तो उद्योग नको.

१४ जुलै, सोमवार

फिल्म काढल्या, म्हणजे पारदर्शक शीटवर काळ्यात छापलेलं डिझाइन, रंगागणिक एक. कोरलमधून साध्या प्रिंटरवर हाफटोन येत नाही, त्याला पोस्टस्क्रिप्ट लागतं. म्हणून फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल करून तिथून बिटमॅप, हाफटोन स्क्रीन, ६०० डीपीआय. ४० एलपीआयला एका घरात १५ बाय १५ ठिपके मिळतात, म्हणजे सव्वादोनशे छटा. ५५ ला त्या सव्वाशेच्याही खाली येतात. टी-शर्टवर तेवढ्याही दिसत नाहीत, पण लांब छटेत पायऱ्या पडायला लागल्या की कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

डॉटचा आकार लंबगोल घेतला. गोल डॉट ७८ टक्क्यांच्या आसपास चारही बाजूंनी एकदम एकमेकांना चिकटतात आणि तिथे छटेत एक ठळक पायरी दिसते. चौकोनी डॉट तोच प्रकार ५० टक्क्यांवर करतात. लंबगोल आधी लांबट टोकांनी जुळतात, मग आडव्या बाजूंनी, त्यामुळे उडी दोन ठिकाणी वाटली जाते. उजेडाच्या मधल्या पट्ट्याला तेच हवं.

डॉटांच्या ओळींचा कोन २२.५ अंश, जाळीशी मिळून लहरी उठू नयेत म्हणून. त्यासाठी तक्ता पाहण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं. लाइट टेबलवर ताणलेली फ्रेम ठेवली, वर फिल्म टाकली आणि बोटाने सावकाश फिरवली. शून्याला रुंद लहरी, ४५ ला दाट, बारीक नक्षी, एखाद्या जरीच्या पदरावर यावी तशी. बावीसच्या आसपास आल्यावर सगळं शांत. जाळी बदलली की हे पुन्हा बघायचं. त्यात जर्सीच्या, म्हणजे टी-शर्टच्या कापडाच्या, विणीच्या उभ्या ओळी वेगळ्याच, त्या लाइट टेबलवर दिसत नाहीत, छापल्यावरच कळतात.

तिन्ही फाइलींचा कॅनव्हास एकाच मापाचा ठेवला आणि कापाकापी केली नाही. हाफटोनची घरं कोपऱ्यापासून मोजली जातात. एका फाइलची कड चार पिक्सेल जरी कापली तरी केशरी डॉट पांढऱ्या डॉटवर न बसता शेजारी जाऊन बसतो.

सोबत एक चाचणी पट्टी काढली: २, ३, ५, ७, १०, १५ असं करत ९५ टक्क्यांपर्यंतचे चौकोन, ३५, ४०, ४५ आणि ५५ एलपीआयला. ती तिन्ही जाळ्यांवर उतरवणार.

१७ जुलै, गुरुवार

दिवसभर पाऊस. शेडच्या भिंतीवरचा दमट मीटर ८८ दाखवतो आहे.

पावसाळ्यात हाफटोनचा खरा शत्रू इमल्शन, म्हणजे जाळीवर चढवलेला, उजेडाने कडक होणारा लेप. हाताला कोरडं लागतं, आत ओल असते. ओलं इमल्शन एक्सपोजमध्ये, म्हणजे फिल्ममधून उजेड देताना, नीट कडक होत नाही, धुताना पाणी मारलं की बारीक डॉटांच्या कडा वाहून जातात. मोठ्या अक्षरांच्या कामात हे खपून जातं. इथे ८५-९० टक्क्यांच्या भागात जी इवलीशी बेटं उरतात, ती पहिल्याच फवाऱ्यात सुटतात आणि उजेडाचा मधला भाग सपाट होतो.

म्हणून कोटिंग केलेल्या फ्रेम बंद कपाटात, आत ओल शोषणारं यंत्र, तापमान ४० च्या खाली, रात्रभर. मामा, इथले जुने कारागीर, म्हणाले, "अरे, पूर्वी आम्ही बायक्रोमेट मारून ट्यूबलाइटवर करायचो, दोन तासांत स्क्रीन उभी." करायचे, खरंच करायचे, आणि त्यांच्या हातच्या जुन्या कामाला आजही नाव ठेवता येत नाही. पण बायक्रोमेटचं इमल्शन अंधारातसुद्धा आपोआप कडक होत राहतं आणि ते रसायन विषारी, हाताच्या कातडीची पार वाट लावतं. डायझोचं इमल्शन वापरलं. कोटिंग एक हात बाहेरून, एक आतून. जाड कोटिंगवर लहान डॉट उघडत नाहीत.

जाळी पिवळी. पांढऱ्या जाळीत उजेड धाग्यांतून बाजूला पसरतो आणि फिल्मच्या काळ्या डॉटखाली शिरतो, म्हणून ३ टक्क्यांचा डॉट फिल्मवर असूनही स्क्रीनवर बंद. पिवळ्या जाळीला वेळ जास्त लागतो, तो द्यायचा.

फ्रेम सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. लाकडी फ्रेम धुतल्यावर फुगते, वाळल्यावर पिळते. तीन स्क्रीनचं रजिस्टर बसवायचं, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर नेमके आणायचे असताना ते कोण निस्तरणार.

२१ जुलै, सोमवार

पट्टी छापली. भिंग लावून बघितलं.

१२०टीवर ५५ एलपीआयचे ५ टक्क्यांचे डॉट आहेत, सगळे आहेत, पण कापडावर पांढरे न दिसता धुरकट दिसतात. जर्सीच्या टाक्याच्या खोबणीत शाई बसते आणि वरून लव आडवी येते. म्हणजे जाळीने डॉट दिला, कापडाने घेतला नाही. ९०टीवर ४५ एलपीआय बरी, पण ७ टक्क्यांखाली विस्कळीत. ७७टीवर ४० एलपीआयला १० पासून पुढे सगळे घट्ट, ७ चे बहुतेक, ५ चे अर्धे गेलेले. ११ तारखेच्या गणितात ७ आलं होतं.

आता पसरण्याचा हिशोब. पांढऱ्यात फिल्मवरचा ५० टक्के कापडावर ७० च्या आसपास दिसतो, ३० चा ४५ आणि ८५ च्या पुढे सगळं एकजीव. फोनने जवळून फोटो काढून काळं-पांढरं करून मोजलं. प्रयोगशाळेची अचूकता नाही, पण फिल्मवर किती कमी ठेवायचं याचा वक्र काढायला पुरते.

मामांनी त्याच पट्टीवर पाण्याच्या शाईचा, म्हणजे खादी पेस्टचा हात मारून दाखवला. त्यांचं म्हणणं, पावसात जाळीतली शाई लवकर सुकत नाही, मग प्लास्टिसोलचा, म्हणजे तापवल्यावरच पक्क्या होणाऱ्या शाईचा, खर्च कशाला? जाळी खरंच जाम झाली नाही. उन्हाळ्यात याच पेस्टने पंख्याखाली बारीक डॉट बघता बघता बंद होतात. पण कापडाने पाणी ओढलं, डॉट गोल न राहता टाक्याच्या दिशेने लांबला आणि झाकणशक्तीही कमी पडली. मामांनी स्वतःच भिंग खाली ठेवलं नि म्हणाले, "छातीवरचं नाव खादीत करू, पाठ तुझ्या प्लास्टिसोलमध्ये." ठरलं.

२४ जुलै, गुरुवार

फोटोशॉपमध्ये वक्र लावला. पांढऱ्या स्क्रीनसाठी ७० चा ५०, ५० चा ३४, २५ चा १६. खालच्या टोकाला ७ टक्क्यांपेक्षा कमी काही ठेवायचंच नाही: एकतर ७, नाहीतर शून्य.

पण मग कड दिसते. ७ टक्क्यांवरून एकदम शून्य झालं की उजेडाभोवती डॉटांचं रिंगण उमटतं आणि सगळा विरण्याचा भास जातो. यावर दोन उपाय केले, दुसरा मला जास्त आवडला.

पहिला बेसचा. पांढरा उजेडाच्या टोकापर्यंत न्यायचाच नाही. तो केशरीच्या बराच आधी संपवायचा. त्यापुढे केशरी डॉट थेट नेव्हीवर पडतात, आणि उघड्या नेव्हीवर केशरी चमकत नाही, विटकरी-तपकिरी दिसते. तोच अंधाराकडे जाणारा उतार. चार छटा शाईने काढायच्या, पाचवी-सहावी कापडाने काढायची. केशरी ९०टीवर असल्यामुळे तिचे ५ टक्क्यांचे डॉटही टिकतात, म्हणजे शेपूट पांढऱ्यापेक्षा लांब जाते. जिथे दोन्ही आहेत तिथे पांढरा डॉट केशरीपेक्षा किंचित लहान ठेवला. तसा ठेवला नाही तर प्रत्येक केशरी ठिपक्याला पांढरी कोर दिसते, आणि लांबून सगळा उजेड पिठूळ वाटतो.

दुसरा उपाय डिझाइनचा. हंडी फुटली की दही-ताक उडतंच. म्हणून रिंगणाची कड शिंतोड्यांनी तोडली: वेगवेगळ्या मापांचे, कुठे दाट, कुठे विरळ, निदान अर्ध्या मिलिमीटरचे. त्यांना हाफटोन नाही, सरळ भरीव. नजर शिंतोड्यांवर अडकते आणि डॉट कुठे संपले ते शोधत नाही. पथकाच्या दादांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "हे आधी का नव्हतं त्यात?"

२८ जुलै, सोमवार

सॅम्पल छापून दाखवलं. क्रम: पांढरा, फ्लॅश, मग पिवळा आणि त्याच ओलीवर केशरी. फ्लॅश म्हणजे मध्येच वरून गरम करणं, ते एवढंच की बोटाला शाई लागू नये. जास्त तापवला तर पांढरा चकचकीत होतो, वरची शाई धरत नाही आणि गरम झालेलं कापड आखडून रजिस्टर हलवतं. शेवटी बेल्टवर १६० अंश.

स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ७५ कडकपणाची, धार नवी, जवळजवळ उभी धरून. जाळी नि कापड यांत अडीच-तीन मिलिमीटर अंतर. हात एकच. हाफटोनवर दुसरा हात मारला की दुसरा डॉट पहिल्यावर तंतोतंत कधीच बसत नाही. पांढरा कमी वाटला तर दाब वाढवायचा नाही. दाबाने शाई जाळीखालून बाजूला सरकते, वर राहत नाही. स्ट्रोकचा वेग आणि फ्लडची, म्हणजे छापण्याआधी जाळीवर पसरलेल्या शाईची, भर बघायची.

दादा आले, सोबत पथकातली दोन पोरं. पोरांनी फोनचा कॅमेरा झूम करून डॉट बघितले. "दादा, हे ठिपके दिसतायत. यूट्यूबवर किती बारीक असतात." मग टी-शर्ट समोरच्या दुकानाच्या शटरला लटकवला आणि सगळ्यांना रस्त्याच्या या बाजूला उभं केलं. साध्या डोळ्याला ०.६३५ मिलिमीटरचं घर साधारण सव्वादोन मीटरच्या पुढे वेगळं दिसत नाही. दहीहंडीत पाठ बघणारा माणूस त्याहून जवळ कधी असतो? असलाच तर तो खांद्यावर पाय देऊन वर चढत असतो, त्याला छपाई बघायला वेळ नसतो. पोरं हसली, दादांनी सॅम्पलवर सही केली.

केशरी थोडी तांबूस कर म्हणाले. केली.

४ ऑगस्ट, सोमवार

छपाई सुरू.

पहिल्या काही नगांत सगळं सॅम्पलसारखं. मग जाळीच्या खालच्या अंगाला शाई साचायला लागते आणि उजेड हळूहळू फुगतो. एकेक टी-शर्ट बघितला तर कळत नाही, पहिला आणि चाळिसावा शेजारी ठेवला की कळतं. म्हणून सॅम्पलचा टी-शर्ट मशिनच्या समोरच टांगला आहे आणि दर काही नगांनी कोऱ्या कापडावर एक कोरडा हात मारून जाळी खालून पुसून घेतली जाते. पांढऱ्याचा स्क्रीन सगळ्यात जास्त पुसावा लागतो.

मोठ्या मापाच्या टी-शर्टवर तीच छपाई लहान दिसते. दादांना हे आधीच सांगून ठेवलं होतं. मापागणिक वेगळ्या फिल्मचा खर्च त्यांना नको होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

मालात दुसऱ्या लॉटची एक पेटी निघाली. रंग नेव्हीच, पण अर्धी छटा उजळ आणि कापड जरा सैल विणलेलं. सैल कापडावर डॉट जास्त बुडतो, उजेड मळका येतो. या पेटीसाठी पांढऱ्या शाईतला पातळपणा कमी केला, फिल्मला हात लावला नाही. नवा वक्र काढून नवी स्क्रीन करायला वेळही नव्हता आणि फरक तेवढा नव्हता. शेजारी ठेवून मामांना दाखवला, त्यांनी वेगळे नग लगेच काढले. दादांना काढता आले नाहीत. ते नग एकाच मापाचे होते, म्हणून एकाच गठ्ठ्यात बांधले.

एक टी-शर्ट धुऊन, पिळून, ताणून बघितला. पांढऱ्याला ताणल्यावर भेग नाही. मधल्या भरीव भागात चकाकी थोडी कमी झाली, ते चांगलंच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

माल वेळेत गेला, शनिवारी रस्त्यावर दिसलाही. भिजल्यावर नेव्ही काळपट होतो आणि उजेड जास्त उठून दिसतो. हा फायदा हिशोबात धरला नव्हता.

स्क्रीन पुसून इमल्शन काढलं. पांढऱ्याच्या जाळीवर डॉटांची सावली राहिली आहे, पुढच्या भरीव कामाला चालेल, हाफटोनला नको. फ्रेमच्या कडेला पट्टी चिकटवून लिहिलं: ७७टी पिवळी, ४० एलपीआय, २२.५, लंबगोल, किमान ७, वक्र ५० चा ३४, नेव्ही १८० जीएसएम, पांढरा प्लास्टिसोल.

गणपती २७ ला. मंडळाच्या कार्यकर्त्यांचे टी-शर्ट आले आहेत, त्यांनाही असाच विरणारा गुलाल हवा आहे, पण कापड ग्रे मेलांज, पॉलिएस्टर मिसळलेलं. उजळ कापडावर बेस लागणार नाही, मग ९०टीच काय, १२०टीसुद्धा चालेल आणि ५०-५५ एलपीआयही झेपेल. मात्र मेलांजची स्वतःची ठिपक्याठिपक्यांची कुरकुर आहे, तिच्यात बारीक डॉट हरवणार की मिसळणार ते छापल्याशिवाय सांगता येणार नाही. नेव्हीचा वक्र इथे लावायचा नाही. चाचणी पट्टीची फिल्म तीच आहे, ती उद्या सकाळी ९०टी आणि १२०टीवर एक्सपोज करायला मामांकडे दिली.